थांबायचं ट्रेनिंग

मंडळी, विकांत आहे. घरात कोणी बघत नसेल तर आरशासमोर उभं राहून एक छोटा प्रयोग करा. आधी 'का' म्हणा. मग 'कू' म्हणा. 'कू' म्हणताना ओठांकडे नीट बघा. 'क'चा आवाज फुटायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो. 'का'च्या वेळी तसं होत नाही. म्हणजे 'क' काढतानाच मेंदूला पुढचा स्वर ठाऊक असतो आणि त्याने ओठांना तशी आगाऊ वर्दी दिलेली असते. आपण गप्पांच्या भरात सेकंदाला दहा-बारा आवाज सहज काढतो, आणि त्यातल्या प्रत्येकात शेजारचा आवाज मिसळलेला असतो. बाराखडी आपण सुटी सुटी शिकलो खरी, पण बोलताना तोंडात सुटं असं काही नसतंच.

एरवी या गोष्टीकडे माझं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. कोड लिहिणाऱ्या माणसाला जीभ कुठे टेकते याच्याशी काय घेणं? पण आमच्या चिरंजीवांनी हा विषय घरात आणला, आणि गेली अडीच वर्षं तो जेवणाच्या टेबलावरच बसलाय.

चिरंजीव साडेतीन वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. समज अगदी चोख. "फ्रिजमधलं दही आईला दे" म्हटलं की दही बरोबर आईकडे पोचायचं. कानांची तपासणी झाली, कान उत्तम. पण शब्द नाही. 'पाणी' म्हणायला गेला की एकदा 'बा', एकदा 'नाई' आणि तिसऱ्यांदा नुसतेच ओठ हलायचे, आवाजच नाही. चाचपडत्या ओठांनी तो काहीतरी शोधतोय आणि ते सापडत नाहीये, असं दिसायचं. मग चिडून हाताला धरून ओढत न्यायचा. साताऱ्याहून आई फोनवर सांगायची, "अरे, तुझे काका पाच वर्षांचे झाल्यावर बोलले. आता थांबतात का बघ!" काका आता खरोखरच थांबत नाहीत, पण हा प्रकार निराळा होता.

निदान झालं 'चाइल्डहुड अप्राक्सिया ऑफ स्पीच'. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा आहे. स्नायूंत अशक्तपणा नाही. काय बोलायचं तेही मुलाला माहीत असतं. पण कोणता स्नायू कधी, किती आणि कशानंतर हलवायचा याचा आराखडा मेंदूत नीट तयार होत नाही. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांची जी मोठी संघटना आहे, 'आशा', तिने 2007 साली या विषयावर एक सविस्तर अहवाल काढला. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी निराळी चूक होणं. एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाताना अडखळणं किंवा ताणणं. आणि बोलण्याची लय, चढ-उतार बिघडणं, यंत्रमानवासारखं एकेक अक्षर सारख्याच जोराने येणं. हजारात एखाद-दुसऱ्या मुलाला हे असतं असा अंदाज आहे. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून याचं निदान करता येत नाही. जाणकार माणसाने समोर बसून, ऐकून, बघूनच ते करावं लागतं.

कारणांबद्दल एवढंच सांगतो, कारण नातेवाईकांत यावर बरीच संशोधनं चालू असतात. बऱ्याच मुलांत नेमकं कारण सापडत नाही. काहींत ते जनुकांत सापडतं. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्या ही अडचण होती, आणि त्यांच्या अभ्यासातून 2001 साली 'फॉक्सपी2' या जनुकातला दोष सापडला. टीव्ही दाखवला म्हणून हे होत नाही. आई नोकरी करते म्हणून होत नाही. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, म्हणूनही होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा थेरपिस्टचा आहे.

इथे अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट व्हायला साधारण दोन वर्षांची मास्टर्स लागते. त्यानंतर किमान 36 आठवडे आणि 1260 तास अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम. म्हणजे शिक्षण काही कच्चं नाही. पण त्या शिक्षणात काय काय बसवायचं असतं ते बघा. पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा, गिळता न येणारं तान्हं बाळ, तोतरेपणा, बसलेला आवाज, ऑटिझम, ऐकू न येणारी मुलं. या गर्दीत हजारातल्या एखाद-दुसऱ्या मुलाच्या वाट्याला अभ्यासक्रमातला किती वेळ येणार? आपल्याकडेही चित्र याहून फार निराळं नाही. म्हैसूरची 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग' 1965 पासून आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे. तिथली पदवी म्हणजे वाचा आणि श्रवण अशी दोन्ही शास्त्रं एकत्र. त्यामुळे उत्तम शिकलेली, मनापासून काम करणारी थेरपिस्टसुद्धा अप्राक्सियाचं मूल समोर आलं की बावचळू शकते. तिच्या हुशारीचा प्रश्न नसतो. उत्तम वेबसाइट बांधणाऱ्याला एक दिवस अचानक विमानाच्या कंट्रोल सिस्टिमचा कोड दिला, तर तोही बावचळेल.

आमची पहिली थेरपिस्ट अशीच होती. गोड बाई, पोराला तिचा लळा. आठवड्यातून एकदा अर्धा तास. शिट्ट्या वाजवणं, साबणाचे फुगे काढणं, स्ट्रॉने पाणी ओढणं, आणि मग चित्रांचे पत्ते घेऊन 'प प प', 'म म म'. सहा महिन्यांनी चिरंजीव शिट्टी झकास वाजवू लागले. 'प प प'ही येऊ लागलं. 'पाणी' मात्र येईना.

हे असं का झालं ते सुरुवातीच्या प्रयोगावरून लक्षात आलं असेल. फुंकर मारणं ही वेगळी हालचाल, बोलणं ही वेगळी. मेंदू दोन्हींचा आराखडा वेगवेगळा आखतो. अशा न बोलता करायच्या तोंडाच्या व्यायामांमुळे उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही, असं 2015च्या कॉक्रेन आढाव्यातही म्हटलंय. आणि 'प' सुटा आला म्हणून 'पा' येत नाही, कारण दुखणं आवाजात नाहीच, दोन आवाजांच्या सांध्यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, इंटिग्रेशन लालभडक.

दुसरी थेरपिस्ट भेटली ती आमच्या घरापासून पाऊण तासावर. आम्ही डॅलसजवळ राहतो, इथे पाऊण तास म्हणजे शेजारच. पहिल्याच दिवशी तिने एक कागद पुढे केला. म्हणाली, "मी या आजारासाठी पुढचं प्रशिक्षण घेतेय. प्रत्येक सेशनचा व्हिडिओ काढला आणि तो माझ्या मार्गदर्शिकेने पाहिला तर चालेल का?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, 'म्हणजे ही अजून शिकतेय?' खरं सांगतो, माझी प्रतिक्रिया उलटी होती. माझा कोड दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. जो माणूस आपणहून म्हणतो की माझं काम तपासा, त्याच्यावर माझा जरा जास्तच विश्वास बसतो. सही केली.

ती जी पद्धत शिकत होती तिचं नाव 'डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग'. लांबलचक आहे, सगळे डीटीटीसी म्हणतात. मेयो क्लिनिकमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या एडिथ स्ट्रँड यांनी ती विकसित केली. तिची मुळं आणखी मागे जातात. मेंदूच्या इजेनंतर मोठ्या माणसांना होणाऱ्या अप्राक्सियासाठी रोझेनबेक आणि सहकाऱ्यांनी 1973 साली आठ पायऱ्यांची एक रीत मांडली होती, तिचा हा मुलांसाठीचा अवतार म्हणता येईल. गाभा एवढाच, की माझ्याकडे बघ, ऐक, आणि मी करते तसं कर.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघायचो. तिचे आणि पोराचे चेहरे अगदी समोरासमोर, एका उंचीवर. शब्द फक्त पाच. खेळणं अगदी छोटं, म्हणजे त्यात वेळ जायला नको. सुरुवातीला दोघं शब्द एकत्र म्हणणार, संथ लयीत, स्वर लांबवून. पण अक्षरं तोडायची नाहीत, सांधा सांधाच राहिला पाहिजे. गरज पडली तर ती बोटांनी त्याची हनुवटी अलगद सावरायची. एकत्र जमू लागलं की ती आवाज बंद करून फक्त ओठ हलवायची. तेही जमलं की ती आधी म्हणणार, तो मागून. मग तिने म्हटल्यावर दोन-तीन सेकंद थांबून त्याने म्हणायचं. आणि शेवटी तिने नुसतं विचारायचं, "हे काय?" कुठे अडला की लगेच एक पायरी खाली. जमलं की पुन्हा वर. एका सेशनमध्ये शंभराच्या वर वेळा शब्द व्हायचे, आणि प्रत्येक वेळी तिला निर्णय घ्यायचा असायचा. मदत वाढवू, तेवढीच ठेवू, की काढून घेऊ?

पायऱ्या कागदावर अर्ध्या पानात मावतात. मी त्या तासाभरात पाठ केल्या. पण पायऱ्या पाठ असणं आणि समोरच्या मुलाचा ओठ किंचित वाकडा होताच अर्ध्या सेकंदात खालच्या पायरीवर उतरणं, यात पोहण्याचं पुस्तक वाचणं आणि विहिरीत उडी मारणं एवढा फरक आहे. पुढचं प्रशिक्षण म्हणजे या फरकाचं प्रशिक्षण.

मार्गदर्शिकेने व्हिडिओ पाहून काय लिहिलं ते आमची थेरपिस्ट कधी कधी हसत हसत सांगायची. "चार वेळा बरोबर आलं, तरी तू त्याच्याबरोबर म्हणतच राहिलीस. एकदा गप्प बसून बघ." "तू 'छान' म्हणालीस, पण काय छान झालं ते सांगितलं नाहीस." "तो चुकला तेव्हा तू आवाज वाढवलास. वेग कमी करायला हवा होता." पहिल्या महिन्यात अशा टिपणांची रांग असायची, मिनिट आणि सेकंदासकट. हळूहळू टिपणं कमी झाली. मग मार्गदर्शिका फक्त विचारू लागली, "सातव्या मिनिटाला तुला काय दिसतं?" आणि शेवटी-शेवटी, "तूच तुझ्या व्हिडिओला गुण दे आणि मला पाठव."

बघा हं. थेरपिस्ट पोराशी जे करत होती, तेच मार्गदर्शिका थेरपिस्टशी करत होती. आधी भरपूर मदत, मग थोडी, मग नुसता प्रश्न, मग शांतता.

हा योगायोग नाही. हालचाल कशी शिकली जाते याचं एक शास्त्र आहे आणि अप्राक्सियाच्या उपचारांचा बराचसा डोलारा त्यावर उभा आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की सरावाच्या वेळी छान दिसणं आणि शिकलेलं टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटमध्ये एकाच टप्प्यावर शंभर चेंडू टाकले तर कोणाचाही कव्हर ड्राइव्ह सुंदर दिसेल. मॅचमध्ये गोलंदाज विचारून टाकत नाही. नवी हालचाल बसेपर्यंत तोच शब्द, तीच मदत, लगोलग शाबासकी हे सगळं लागतं. पण एकदा ती बसायला लागली की शब्दांची सरमिसळ करावी लागते, शाबासकी विरळ करावी लागते. नाहीतर पोरगं त्या खोलीत, त्या बाईसमोरच बोलतं, घरी आलं की पुन्हा हाताला धरून ओढतं.

याचं टोकाचं उदाहरण सिडनी विद्यापीठात तयार झालेल्या 'रेस्ट' पद्धतीत दिसतं. ही जरा मोठ्या मुलांसाठी, ज्यांना आवाज येतात पण सांधे आणि लय बिघडते. त्यात मुलांना अर्थ नसलेले, बनवलेले शब्द देतात, म्हणजे जुन्या चुकीच्या सवयीचं ओझं नको. आधी थोडा वेळ सगळी मदत देऊन सराव. मग शंभर वेळा म्हणायचं, आणि त्या वेळी मदत शून्य. फक्त बरोबर किंवा चूक, तेही साधारण निम्म्याच वेळा, आणि तेही तीन ते पाच सेकंद थांबून. त्या सेकंदांत मुलाने स्वतःच स्वतःला ऐकायचं, 'जमलं का मला?' 2015 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत 4 ते 12 वयाची 26 मुलं होती. काहींना 'रेस्ट', काहींना लंडनची 'नफील्ड' पद्धत, तीन आठवड्यांत 12 सेशन. दोन्हींनी फायदा झाला. पुढे 2018 साली कॉक्रेनने जगभरातलं संशोधन चाळलं तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, निकषांत बसणारी चाचणी त्यांना हीच एक सापडली. म्हणजे या विषयातला पुरावा अजून किती पातळ आहे ते बघा. एकच चाचणी, 26 मुलं.

म्हणूनच एखादं प्रमाणपत्र बघून हुरळण्यात अर्थ नाही, आणि नसलं म्हणून नाक मुरडण्यातही नाही. एकाच आजारासाठी लहान मुलाला शब्दागणिक हात द्यायचा, आणि मोठ्याला पाच सेकंद काहीच सांगायचं नाही. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या समोरचं मूल आज कुठे उभं आहे, हे थेरपिस्टला त्या क्षणी कळलं पाहिजे. ते पुस्तकात नसतं. पिट्सबर्गची 'अप्राक्सिया किड्स' ही संस्था निवडक थेरपिस्टना अनुभवी मार्गदर्शकांच्या हाताखाली छोट्या गटांत शिकवते ते यासाठीच. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे स्ट्रँड यांचा डीटीटीसीचा पायाभूत कोर्स आणि सिडनीचा 'रेस्ट'चा कोर्स, दोन्ही जालावर फुकट ठेवले गेले.

फुकट कोर्सवरून मराठीचा मुद्दा आठवला.

पाच शब्द कोणते घ्यायचे हे ठरवताना थेरपिस्टने आम्हाला विचारलं, की त्याला घरी कोणते शब्द लागतात? आम्ही यादी दिली. 'आई', 'बाबा', 'दे', 'नको', 'पाणी'. 'आई'वर ती खूश झाली, कारण त्यात व्यंजनच नाही, उघड्या तोंडातून 'ई'पर्यंत सरकायचं फक्त. 'दे'वर गाडी अडली. ती म्हणायची 'डे'. आपण 'द'ला जीभ दातांना टेकवतो, इंग्रजीत ती वर हिरडीला टेकते, आणि आपल्या कानाला तो 'ड' वाटतो. 'नको'चंही तेच. तिच्या 'को'ला शेवटी 'उ'ची शेपटी यायची, 'नकोउ'. अमेरिकन जिभेची सवयच ती. आणि इथे तर सगळा खेळ हालचाल नेमकी दाखवण्याचा! शेवटी तिनेच तोड काढली. 'दे' आणि 'नको'साठी समोरच्या खुर्चीत माझी बायको बसली, आणि थेरपिस्ट तिच्या शेजारी बसून बोटांनी खुणा करायची, आता एकत्र, आता नुसते ओठ, आता थांब.

तो 'थांब' सगळ्यात कठीण. पोरगं समोर ओठांनी चाचपडतंय, शब्द आपल्या जिभेवर तयार आहे, आणि तीन सेकंद तो द्यायचा नाही. बायको म्हणाली, "बाळंतपण सोपं होतं." गंमत सोडा, पण आईला जर हे इतकं जड जातं, तर दिवसाला आठ-दहा मुलं बघणाऱ्या बाईला तेच दर मिनिटाला करायचं असतं, आणि प्रत्येक मुलाचे सेकंद वेगळे.

माझी एक मामेबहीण नाशिकला स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्याकडचं हे सगळं ऐकून तिने रात्री जागून तो फुकट कोर्स केला. मग तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, कोर्स उत्तम आहे. पण त्यातली सगळी मुलं इंग्रजी बोलतात. मला मराठी शब्दांची यादी माझी मलाच करावी लागणार." ते तिने केलंही. कोणते शब्द आधी, कोणते नंतर, याची वही बनवली. 'रेस्ट' मात्र तिला जसंच्या तसं उचलता येईना, कारण त्यातले शब्द इंग्रजीच्या आघातावर बेतलेले आहेत. इंग्रजीत एका शब्दातलं एक अक्षर जोरात आणि लांब, दुसरं दबकं. आघात बदलला तर कधी कधी अर्थही बदलतो. मराठीत असा खेळ नाही. आपली लय वेगळी, ऱ्हस्व-दीर्घाची, वाक्याच्या हेलाची. ते काम कोणातरी मराठी माणसालाच करावं लागणार.

पण तिची खरी अडचण तिसरीच होती. "माझ्या चुका बघायला कोण आहे?" या एका वाक्याने मी गप्प झालो. व्याख्यान समुद्र ओलांडून फुकट येतं, पण तुझा व्हिडिओ बघून 'सातव्या मिनिटाला थांबायला हवं होतं' असं सांगणारं माणूस येत नाही. ते माणूस महाग आहे, दुर्मिळ आहे, आणि मराठी कळणारं तर फारच दुर्मिळ.

तिने मग स्वतःच रस्ता काढला. कॉलेजच्या दोन मैत्रिणींना गाठलं, एक कोल्हापूरला, एक ठाण्याला. पालकांची लेखी परवानगी घेऊन दर पंधरा दिवसांनी तिघी एकमेकींना दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवतात. नियम एकच ठेवलाय. आधी जिचा व्हिडिओ तिनेच बोलायचं, बाकीच्या दोघींनी तोंड बंद ठेवायचं. मी त्यांना टिपणं ठेवायला एक साधी शीट बनवून दिली. किती वेळा शब्द झाला, कोणत्या पायरीवर, मदत कधी काढली. माझा या क्षेत्रातला वाटा एवढाच, एक शीट. :-)

तिघीही तज्ज्ञ नाहीत, हे त्या स्वतःच सांगतात. पण तीन महिन्यांनी बहीण म्हणाली, "आधी मला वाटायचं, मी सेशनमध्ये किती बोलते यावर माझं काम ठरतं. आता मोजलं तर मी जवळजवळ निम्मं बोलते, आणि मुलं दुप्पट."

कोणाच्या घरात असं मूल असेल तर उपयोगी पडेल म्हणून थोडं सांगतो. थेरपिस्टला 'तुम्हाला अप्राक्सिया येतो का' असं विचारू नका, कोणीही हो म्हणेल. विचारा, की एका सेशनमध्ये माझं मूल साधारण किती वेळा शब्द म्हणेल? पंधरा-वीस असं उत्तर आलं तर पुढे विचारा, का? शब्द कसे निवडता? मदत कधी कमी करता ते कसं ठरवता? तुमचं काम अधूनमधून कोणी बघतं का? आठवड्यातून किती वेळा भेटणार? 2007च्या त्या अहवालात आठवड्याला तीन ते पाच वेळा, एकेकट्याने, असं म्हटलंय. एवढं सगळ्यांना परवडत नाही, आम्हालाही विमा कंपनीशी झगडून दोनदावरून तीनदावर यायला वर्ष गेलं. पण एक मोठं सेशन घेण्यापेक्षा तेवढाच वेळ छोट्या तुकड्यांत वाटून घेता येतो का, हे विचारता येतं. आणि अवघ्या दीड-दोन वर्षांच्या बाळाला कोणी छातीठोकपणे हा शिक्का मारत असेल, तर दुसऱ्या जाणकाराला जरूर दाखवा. इतक्या लहान वयात पुरेसं बोलणंच नसतं, मग खुणा कशात शोधणार?

चिरंजीव आता सहाचे. अनोळखी माणसाला त्याचं निम्मंअधिक कळतं, आम्हाला जवळजवळ सगळं. मोठे शब्द अजून कोसळतात, 'हेलिकॉप्टर'चे रोज नवे अवतार निघतात. 'नको' मात्र असं खणखणीत बसलंय, की दुधी भोपळ्याची भाजी आमच्या घरातून हद्दपार झाली आहे. त्या थेरपिस्टचं प्रशिक्षण संपलं. मागच्या आठवड्यात तिच्या खोलीत गेलो तर कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीवर एक तरुण मुलगी वही घेऊन बसली होती, नुकतीच पास झालेली. थेरपिस्ट म्हणाली, "आता ही शिकतेय. व्हिडिओ मी बघते." आणि आमच्यासमोर तोच परवानगीचा कागद आला.

या वेळी पेन बायकोने आधी उचललं.